अक्षराआधी ध्वनी : घरच्या घरी लेखन-वाचनाचा ओनामा

वाराणसीस गंगेच्या पश्चिम तीरावर, शीतला घाट व मुन्शी घाट यांच्या दरम्यान, अहिल्याबाई घाट आहे. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधविला. काशीविश्वेश्वराच्या मंदिराची १७८० च्या सुमाराची पुनर्उभारणीही त्यांचीच होय. काशीत घाटांची नावे दगडी भिंतींवर ठळक देवनागरी अक्षरांत रंगविण्याची रीत आहे. 'अहिल्याबाई घाट' हे नाव कोणीही साक्षर मनुष्य क्षणार्धात वाचतो. परंतु नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाच्या दृष्टीने त्या दोन शब्दांत पुष्कळ कोडी भरलेली आहेत. त्यांत अक्षरे सात आहेत आणि ध्वनी बारा. 'हि'मधील इकाराची खूण 'ह'च्या आधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. 'ल्या'मध्ये दोन व्यंजने एका स्वरावर बसली आहेत. शेवटच्या 'ट'मध्ये 'अ' लिहिलेला आहे, परंतु बोलताना तो ऐकू येत नाही. ही कोडी मुलास एकेक करून सोडवावी लागतात, आणि ती सोडविण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे घर.

या कामात आईवडिलांस विशेष विद्वत्तेची गरज नाही. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी लागते : अक्षर ही ध्वनीची खूण आहे. ज्या मुलाच्या कानाला ध्वनी वेगळा ओळखता येत नाही, त्यास त्याची खूण पाठ होईल, पण वाचता येणार नाही. हे तत्त्व सर्वत्र खरे आहे. परंतु परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी घरांत त्याचे महत्त्व अधिक स्पष्टपणे दिसते. म्हणून येथे काशीच्या मराठी घराचे उदाहरण घेतले आहे.

मराठी घर आणि हिंदी शाळा

काशीतील मराठी वस्ती जुनी आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट व पंचगंगा घाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेले गागाभट्ट काशीचे होते. पुण्यात जन्मलेले गणिती बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) यांनी बनारसच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापन केले, तर काशीतील मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रसृष्टीचे एक आधारस्तंभ ठरले. घरी मराठी व बाहेर हिंदी, या दोन्ही भाषा एका माणसाच्या ठायी उत्तम नांदू शकतात, याचा याहून वेगळा पुरावा नको.

तथापि हे आपोआप घडत नाही. अशा घरातील मूल घरी मराठी ऐकते, गल्लीत भोजपुरी वळणाची हिंदी ऐकते आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी लिहावयास शिकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचव्या इयत्तेपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी, असे सुचविले आहे. परंतु काशीची स्थानिक भाषा मराठी नव्हे. तेथे मुलास मराठी अक्षरओळख द्यावयाची तर ती घरानेच दिली पाहिजे. ही प्रथा नवीन नाही. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांनी आपल्या मुलीस, म्हणजेच पुढे घाट बांधविणाऱ्या अहिल्याबाईंस, घरीच लिहा-वाचावयास शिकविले, असे चरित्रकार सांगतात.

एक लिपी, दोन उच्चार

हिंदी व मराठी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी आहे. त्यामुळे शाळेत हिंदी वाचावयास शिकलेले मूल मराठी आपोआप वाचील, असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. डोळ्याला अक्षर ओळखू येते, पण त्याचा मराठी ध्वनी मुलास शाळेत ऐकावयास मिळालेला नसतो.

'च' हे अक्षर पाहावे. मराठी बालपोथीत 'च चमच्याचा' असे शिकवितात आणि हिंदीतही 'चम्मच' हाच शब्द पुष्कळदा दाखविला जातो. वस्तू एक, अक्षर एक. परंतु मराठी 'चमचा' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते, आणि हिंदी 'चम्मच' म्हणताना जीभ टाळूकडे जाते. मराठीत हे दोन्ही 'च' आहेत. 'चांदणे' म्हणताना पहिला येतो, 'चंद्र' म्हणताना दुसरा. 'ज' आणि 'झ' यांचेही असेच आहे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिण्यात एकच, पण उच्चाराने निराळे आहेत. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो केवळ कानानेच घ्यावा लागतो.

'ळ'ची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही. ज्या मुलाच्या कानाला 'ल' आणि 'ळ' सारखेच वाटतात, त्यास काल आणि काळ, वेल आणि वेळ, ओल आणि ओळ, मूल आणि मूळ हे भिन्न शब्द आहेत हेच उमगत नाही. भोजपुरीच्या संस्काराने 'ण'चा 'न' आणि 'श'चा 'स' होण्याचाही संभव असतो. मग मण व मन, शाल व साल यांतील भेद पुसट होतो. 'ज्ञ' हिंदीत 'ग्य'सारखा आणि मराठीत 'द्न्य'सारखा उच्चारतात. 'ऋ' हिंदीत 'रि'कडे व मराठीत 'रु'कडे झुकतो. प्रमाण हिंदीत 'पैसा' यातील 'ऐ' हा बहुधा एकच सलग स्वर असतो, तर मराठीत त्यात 'अ' व 'इ' यांची जोड ऐकू येते.

यांतील एक उच्चार शुद्ध व दुसरा अशुद्ध, असे मुलास कधीही सांगू नये. शाळेत गुरुजी म्हणतात ते हिंदीसाठी बरोबर आहे आणि घरी आजी म्हणते ते मराठीसाठी बरोबर आहे, एवढेच त्यास कळावे. लहान मुले दोन भाषांचे नियम वेगवेगळे सांभाळू शकतात. मात्र मोठ्यांनी ते स्पष्टपणे ऐकविले पाहिजेत.

कानाची तयारी

वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाटी देण्याची घाई करू नये. या वयात कानास वळण लावावे. त्यासाठी साहित्य लागत नाही, रोजचे बोलणे पुरते.

प्रथम शब्दाचे तुकडे पाडण्याचा खेळ घ्यावा. 'पायरी' म्हणताना टाळ्या वाजवाव्यात : पाय-री. 'कबुतर', 'होडी', 'नावाडी', 'गंगा' असे डोळ्यांसमोरचे शब्द निवडावेत. हे तुकडे पाडणे मुलांस लवकर साधते. तुकड्याच्या आतील एकेक ध्वनी वेगळा ओळखणे त्यामानाने अवघड असते आणि ते सावकाश येते.

पुढे आरंभीचा ध्वनी शोधावा. "घाट, घर, घंटा, यांच्या सुरुवातीला काय ऐकू आले?" असे विचारावे. मग शेवटचा ध्वनी घ्यावा. 'घाट', 'पाट', 'ताट' यांच्या शेवटी 'ट्' असा तोडलेला ध्वनी आहे, हे मुलास ऐकून सांगता येते. त्याचा पुढे फार उपयोग होतो. मराठीत शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'अ' सहसा उच्चारला जात नाही. 'चंद्र', 'पत्र' यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांत मात्र तो हलकासा उरतो. हे न कळलेले मूल 'घ-र' अशी सुटी अक्षरे मोठ्याने म्हणते, आणि त्यांतून 'घर' हा शब्द का निघावा हे त्यास समजत नाही. ज्याच्या कानाने शेवटचा 'र्' आधीच टिपला आहे, त्यास ही अडचण येत नाही.

शेवटी जोड्यांचा खेळ घ्यावा. मोठ्या माणसाने काल, काळ, वेल, वेळ असे शब्द एकामागून एक म्हणावेत आणि 'ळ' ऐकू येताच मुलाने हात वर करावा. कानास भेद कळू लागला की जिभेस शिकवावे. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूस लागते आणि झटकन पुढे येते. आरशासमोर बसून मोठ्यांनी तो हळू म्हणून दाखविल्यास मुलास अनुकरण करता येते. दिवसातून पाच-दहा मिनिटे हा खेळ पुरे. कंटाळा येण्यापूर्वी तो थांबवावा.

हाताची तयारी

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच असतात. पुढे ती एकेक करून कठीण होतात, आणि शेवटचे हाड साधारणतः आठव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान त्या स्थितीस येते. बोटांच्या बारीक हालचालींवरील ताबाही असाच क्रमाक्रमाने येतो. यास्तव चार वर्षांच्या मुलाकडून अरुंद रेघांत सुबक अक्षरांची अपेक्षा करणे अयोग्य होय. त्याचे अक्षर आधी हातभर असावे, मग वीतभर, आणि मग बोटभर.

आपल्याकडील जुन्या शाळांत हे तत्त्व व्यवहारात होते. पंतोजी मुलास धुळाक्षरे गिरवावयास लावीत. पाटीवर पसरलेल्या बारीक धुळीत बोट फिरवून मूल अक्षर काढी. चुकले तर हाताने पुसावे आणि पुन्हा काढावे. ना कागदाचा खर्च, ना चुकीची खूण. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांच्या शाळेत वाळूवर अक्षरे काढण्याची रीत पाहिली, ती आपल्या आश्रमात चालू केली आणि १७९७ मध्ये तिचे वर्णन इंग्लंडात प्रसिद्ध केले. पुढे १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोम येथे बालगृह काढले. तेथे त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांस त्यांवरून बोट फिरवावयास दिले, आणि बोट फिरत असतानाच त्या अक्षराचा ध्वनी म्हणावयास लावला. डोळा, बोट, कान व जीभ यांना एकाच वेळी एकच गोष्ट शिकविली जाते, हे त्या रीतीचे मर्म. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ताराबाईंनी हे शिक्षण पुढे बोर्डी व कोसबाड येथील खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत नेले आणि महागड्या साहित्याच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या.

घरी ही रीत सहज करता येते. जुन्या पुठ्ठ्यावर डिंकाने मोठे अक्षर काढून त्यावर बारीक वाळू भुरभुरावी आणि वाळू द्यावी. थाळीत रवा किंवा वाळू पसरली तरी चालते. अक्षर देताना तीन पायऱ्या पाळाव्यात. पहिल्या पायरीत मोठ्यांनी बोट फिरवून सांगावे : "हा म." दुसऱ्या पायरीत दोन-तीन अक्षरे समोर ठेवून विचारावे : "म कोणता?" तिसऱ्या पायरीत एका अक्षरावर बोट ठेवून विचारावे : "हा कोणता?" तिसरी पायरी सर्वांत अवघड असते. तेथे मूल अडले तर रागावू नये, पहिल्या पायरीवर परत यावे.

पेन्सिल हाती देण्यापूर्वी बोटांस बळ यावे. कणीक मळणे, शेंगा सोलणे, फुले ओवणे, मणी निवडणे ही कामे त्यासाठी उत्तम. लेखणी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून मधल्या बोटावर टेकलेली असावी. खडूचा लहानसा तुकडा दिल्यास मुलास ती मुठीत धरताच येत नाही, आणि पकड आपसूक सुधारते. मांडी घालून बसणाऱ्या मुलाची पाटी मांडीवर न ठेवता पाटावर ठेवावी, म्हणजे पाठ वाकत नाही.

अक्षरांचा क्रम व वळण

वर्णमालेचा 'क, ख, ग, घ, ङ' हा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे : कंठापासून ओठांपर्यंत. ध्वनी समजावून घेण्यास तो अतिशय शास्त्रशुद्ध आहे, पण लिहावयास शिकण्यासाठी सोयीचा नाही. 'ङ' किंवा 'ञ' या अक्षरांनी आरंभ होणारा मराठी शब्द मुलास भेटतच नाही. म्हणून मराठी बालपोथ्यांत 'ग म भ न' यांसारखे वळणाने जवळची अक्षरे एकत्र घेणारे क्रम रूढ झाले. या चार अक्षरांतच मग, मन, नभ, नग, गगन, नमन इतके शब्द होतात. चार अक्षरे शिकून मुलास शब्द वाचता आला, की वाचन म्हणजे काय हे त्यास प्रथमच कळते. मात्र 'म' आणि 'भ' हाताला जवळचे असले, तरी डोळ्याला फसविणारे आहेत. 'घ' आणि 'ध' यांचेही तसेच. अशा जोडीतील एक अक्षर पक्के झाल्यावाचून दुसरे देऊ नये.

अक्षरांपूर्वी त्यांचे अवयव गिरवावेत : उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल, गोल व गाठ. देवनागरी अक्षर वरच्या रेघेस लोंबते, ही गोष्ट विसरू नये. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसते. म्हणून इंग्रजी वहीत लिहिण्याची सवय झालेल्या मुलाची देवनागरी अक्षरे वरखाली होतात. त्यास वरच्या ठळक रेघेचा आधार द्यावा. प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र शिरोरेषा देण्यापेक्षा शब्द पुरा लिहून मग सबंध शब्दावर एक रेघ ओढण्याची सवय लावावी. त्याने शब्द कोठे संपला हे मुलास हातानेच कळते.

काशीतील मुलास 'ल' आणि 'श' यांची दोन वळणे भेटतील. हिंदी पुस्तकांतील व पाट्यांवरील वळण निराळे आणि मराठीतील पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' निराळा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी अक्षरांची प्रमाण वळणे निश्चित केली, त्यांत मराठी परंपरेतील ही रूपे आहेत. मुलास वाचता दोन्ही यावीत. लिहिताना मराठीत मराठी वळण गिरवावे.

काना, मात्रा, वेलांटी

मराठीत 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपे केली, तर ४०८ अक्षरे होतात. ती सारी पाठ करावयाची म्हटल्यास वर्षे लागतील. परंतु ती पाठ करावयाची नसतातच. ३४ अक्षरे आणि ११ खुणा, अशा ४५ गोष्टी आणि त्यांच्या जोडणीचा नियम एवढेच शिकावयाचे असते. 'अ'ला खूणच नाही. म्हणून बाराखडी तालावर म्हणून घेण्याआधी एकच खूण घेऊन ती परिचित अक्षरांना लावून पाहावी : मन–मान, घर–घार, गळ–गाळ. कान्याने काय बदलले, हे मुलानेच ऐकून सांगावे.

पहिली वेलांटी मुलांस हमखास फसविते, कारण ती आधी दिसते व नंतर ऐकू येते. 'कि' लिहिताना आधी 'क' म्हणवून घ्यावा, मग 'इ', आणि मग सांगावे की ही खूण डावीकडे बसते. जोडाक्षरे व रफार सर्वांत शेवटी घ्यावेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद मराठीचा स्वतःचा आहे आणि हिंदी पुस्तकात तो आढळत नाही. त्याचप्रमाणे १९६२ च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात : हिंदीत 'कवि' आणि मराठीत 'कवी'. हे नियम सातव्या-आठव्या वर्षानंतरचे आहेत. त्यापूर्वी त्यांसाठी मुलास अडवू नये.

चुकांचा अर्थ

पाच-सहा वर्षांचे मूल एखादे अक्षर आरशात दिसावे तसे उलटे काढते. बहुतेक मुलांत ही अवस्था पुढे आपोआप जाते. ते मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. डावखुऱ्या मुलाचा हात बदलण्याचा हट्ट कधीही धरू नये. त्याचा कागद थोडा उजवीकडे कलता ठेवावा आणि लेखणी टोकापासून जरा वर धरावयास सांगावे, म्हणजे लिहिलेले त्याच्या हाताखाली झाकले जात नाही. सातव्या-आठव्या वर्षानंतरही ध्वनी व अक्षर यांची सांगड बसत नसेल, तर प्रथम मुलाचे कान व डोळे वैद्याकडून तपासून घ्यावेत, आणि मग शिक्षकांचा सल्ला घ्यावा.

मुलाची चूक बहुधा काही सांगत असते. मराठी घरातील मुलाने 'बाळ'ऐवजी 'बाल' लिहिले, तर दहा वेळा 'बाळ' लिहावयास लावून उपयोग होत नाही. दोष हातात नसून कानात आहे. त्यास पुन्हा 'ळ'च्या जोड्या ऐकवाव्यात. उलट त्याने 'बाळ' नीट म्हटले पण 'ळ'च्या गाठी विस्कटल्या, तर मात्र बोट वाळूत फिरवावे. चूक कानाची की हाताची हे ओळखणे, हीच घरच्या शिक्षकाची खरी परीक्षा होय.

परप्रांतातील घरात एखादी भाषा एका दिवसात नाहीशी होत नाही. आजी बोलते, आई समजते व उत्तर हिंदीत देते, आणि नातवास केवळ आडनाव मराठी उरते, अशी ती हळूहळू ओसरते. ज्या मुलास आपल्या भाषेचे ध्वनी ऐकता येतात, म्हणता येतात आणि स्वतःच्या हाताने लिहिता येतात, त्यास ती भाषा पुढे नेण्याचे साधन मिळालेले असते. त्यासाठी लागतात ती रोजची दहा मिनिटे, एक पाटी, मूठभर वाळू आणि न रागावणारे एक मोठे माणूस.